मोम्बासाचं पान

ललितला अक्कल भरपूर, पण वेळेचं भान म्हणाल तर शून्य. मोम्बासाहून तो परवा आला, कालचा दिवस झोपला, आणि एवढी मोठी गोष्ट बापाच्या कानात सांगायला त्याने आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवसाची भर दुपार निवडली. तीही अंगणात, सगळ्या कामगारांच्या देखत!

सिल्वासाजवळच्या मसाटला, घरच्या 'पुतळाई नेट्स' कारखान्यात त्या दिवशी यंत्रं बंद असतात. शेडपुढच्या अंगणात कापडी मांडव घालतात, एका कोपऱ्यात चुलीवर खापर पालथं पडतं आणि ललितची आई पुतळाबाई स्वतः मांडे करायला बसते. मच्छरदाण्या विणणारा, शिवणारा, गठ्ठे बांधणारा जो तो घरी जायची पिशवी घेऊनच येतो, कारण जेवण झालं की लगेच साक्री, शिरपूर, नंदुरबारच्या जीपा सुटायच्या असतात. सणाला गावी पोचायचं असतं, लेकींना माहेरी. पण त्याआधी पान घ्यायचं असतं.

पानाची ही पद्धत ललितच्या बापाची, भिकाआप्पाची. त्याचा बाप साक्रीकडे सालदार होता. सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं. मालक विचारतो, "राहशी का?" सालदार "राहसू" म्हणाला की वर्ष बांधलं गेलं. एका वर्षी मालकाने भिकाच्या बापाला विचारलंच नाही. बाप संध्याकाळपर्यंत ओट्याजवळ बसून राहिला आणि मग घोंगडी खांद्यावर टाकून घरी आला. भिका तेव्हा लहान होता, पण बापाचा चेहरा तो विसरला नाही. पुढे सिल्वासात आला, दुसऱ्याच्या यंत्रावर घाम गाळला, स्वतःची शेड उभी केली, आणि पहिल्याच आखाजीला एकेका माणसाला नावाने हाक मारून, हातात पान-सुपारी ठेवून विचारलं, "राहशी का?" पान घेतलं की वर्षभर तो सोडून जायचा नाही आणि आप्पा त्याला काढायचा नाही. कागदावर काय असेल ते असो. मुंबईचे ऑडिटर हसले, नाशिकहून सून म्हणून आलेली रोहिणीही पहिल्या वर्षी हसली होती. आता तीच आदल्या रात्री पानं पुसून ठेवते.

तर विणकामाच्या माणसांना पान देऊन झालं होतं. आप्पाने घसा खाकरला आणि शिलाईखात्याकडे मान वळवली. खाली सतरंजीवर बायका बसल्या होत्या, नवी लुगडी, नवे ड्रेस, मांडीवर पिशव्या. "तानूबाई," अशी हाक आप्पाच्या तोंडून निघाली, आणि तेवढ्यात ललित मागून वाकला.

"आप्पा, शिलाईवाल्यांना आज विचारू नका."

"का रे?"

"आत चला. सांगतो."

"अरे, त्यांच्या जीपा उभ्या आहेत!"

"म्हणूनच म्हणतो. आधी आत चला."

तानूबाई उठून अर्ध्यावर आली होती. ती तिथेच थांबली. आप्पाने तिच्याकडे पाहिलं, ललितकडे पाहिलं, आणि "बाई, चहा घ्या तोवर" असं काहीतरी पुटपुटून तो उठला. इतक्या वर्षांत पानाच्या मधे आप्पा कधी उठला नव्हता. अंगणातली कुजबुज क्षणात वाढली.

केबिनमध्ये शिरल्या शिरल्या ललितचा बांध फुटला. खरं तर परवापासून त्याच्या पोटात काही मावत नव्हतं.

"आप्पा, शेड मिळालीय! मोम्बासाला! बंदरापासून जवळ, वीज आहे, पाणी आहे, मागे गोदाम आहे. शीतलबेनने मालकाला धरून ठेवलंय, पण आज संध्याकाळपर्यंतच. आपण हो म्हटलं नाही तर दुसरी पार्टी तयार आहे. आप्पा, आपल्या नावाची पाटी समुद्रापलीकडे लागेल!"

ललित असा बोलायला लागला की ऐकणाऱ्यालाही उगाच घाई झाल्यासारखं वाटतं. आणि त्याचा हक्कही होता. पहिल्यांदा मोम्बासाला गेला तेव्हा काखेत दोन मच्छरदाण्या होत्या आणि ओळखीचं कुत्रं नव्हतं. तिथल्या व्यापारी शीतलबेनच्या वडिलांच्या गोदामात गठ्ठ्यांवर झोपून त्याने पहिली ऑर्डर आणली. त्या गुजराती घराशी सिल्वासाच्या बाजारात शिकलेल्या गुजरातीत तो बोलला, ते हसले आणि माल घेतला. तेव्हापासून कंटेनरमागून कंटेनर जात होते.

आप्पा खुर्चीत बसला. "माल तर जातोच आहे की बोटीने. आता काय कारखानाच बोटीत बसवायचा?"

"माल जायचा बंद होणार आहे, आप्पा. शिवलेल्या मच्छरदाणीवर तिकडे जबर ड्यूटी येतेय असं शीतलबेन म्हणते. न शिवलेल्या ताक्यावर नाही. बाहेरून शिवून आणलं तर सरकारी टेंडरमध्येही मागचा नंबर. म्हणून ताका इथं विणायचा, बोटीत घालायचा आणि तिथं शिवायचा. साधी गोष्ट आहे."

"साधी? पोरा, तिथं दुकान थाटलं की इथला माल कोण घेणार? आपणच आपलं गिऱ्हाईक खायचं?"

"उलट! आज आपण शीतलबेन मागेल तेवढं पाठवतो. तिथं आपलंच गोदाम असलं तर आजूबाजूच्या देशांतही विकू. ताके दुप्पट जातील. विचारा रोहिणीला!"

रोहिणी दारातच उभी होती. कंपनीचे हिशोब तिच्याकडे. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि खरं तेच सांगितलं. "ताक्यांचं म्हणणं बरोबर आहे, आप्पा. विणकाम तिन्ही पाळ्यांत चालवावं लागेल. माणसंही वाढतील."

"आणि शिलाई?"

रोहिणीने परत नवऱ्याकडे बघितलं. ललित खिडकीतून बाहेर बघायला लागला.

"शिलाई तिकडे जाणार," तो शेवटी म्हणाला. "यंत्रंही इथलीच न्यायची, नवी घ्यायला परवडत नाहीत. म्हणून म्हटलं, आज त्यांना पान देऊ नका. आखाजी होऊ द्या, आठवड्याने शांतपणे सांगू. थोडे पैसे देऊ हातात. वर्षाचं बांधून घेतलं तर अडकू, आप्पा!"

आता ही गोष्ट भिकाआप्पाच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला पटलीही असती. पण न विचारता बसवून ठेवलेला माणूस त्याने घरातच पाहिला होता. तो काही बोलणार, इतक्यात पुतळाबाई आत आली. हाताला पीठ, कपाळाला घाम, आणि चेहऱ्यावर राग.

"काय चालनं आठे? मांडा चिवट व्हई राहिना, पोरी भुक्या शेतस, आन तुम्ही मीटिंगा करतस?"

"माय, शिलाईच्या बायांचं पान थांबवलंय," ललित म्हणाला. "म्हणून."

"कोनी थांबाडं? मी त्यास्ले सकायमाच दी टाकं."

"काय?"

"पान! जीपवाला घाई करी राहिन्थे. म्हंतलं, आप्पाना नंबर येवाले दुपार व्हई. चुलीजोडे उन्यात त्या, एकेकले इचारं, राहशी का? सगळ्या राहसू म्हनन्यात. घेतलं पान, खाधं बी काही जनीस्नी. आते आप्पा फक्त नाव घेई, तेवढंच बाकी."

ललितने दोन्ही हात डोक्यावर नेले. "माय! अगं, हे तू काय करून बसलीस!"

"काय करं? दरसाल देतस ना?"

आणि आप्पा हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग खुर्ची हलेपर्यंत. ललितला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

"झालं मग," डोळे पुसत आप्पा म्हणाला. "मालकिणीने दिलेलं पान. ते खाल्लंसुद्धा त्यांनी. शिलाई वर्षभर बांधली गेली, ललित. तुझी शेड तू बघ."

*

ममताला या सगळ्याचा पत्ता नव्हता. ती अंगणात बायकांमध्ये बसून तानूबाईच्या नातीला बांगड्या घालत होती. आप्पाची ही एकुलती लेक, ललितची धाकटी बहीण, शिलाईखातं चालवते. लग्न कारखान्यातल्याच समाधानशी झालं, त्यामुळे सासर म्हणजे मसाटच्या पुलाशेजारची खोली आणि माहेर म्हणजे सिल्वासातलं घर. सकाळी इथे, संध्याकाळी तिथे. तिचा आवाज शिलाईच्या यंत्रांवरून ऐकू येतो आणि तिच्या नजरेतून वाकडी टीप सुटत नाही. बायका तिला घाबरतात आणि तिच्यावाचून त्यांचं चालतही नाही.

"ममताताई, आमचं काय खरं दिसत नाही," पूजा म्हणाली. ही नवीन, नवापूरची, जिभेला धार. "आप्पा उठून गेले. आमच्या पानाला काय कीड लागली का?"

"गप गं. चहा पिऊन येतील."

पण खिडकीतून आईचा आवाज आणि आप्पाचं हसणं ऐकलं तेव्हा ममतालाही राहवेना. ती केबिनशी पोचली आणि रोहिणीने तिला दारातच धरलं.

"ताई, आधी ऐका," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि मला शिव्या घालू नका. मला कालच कळलं." आणि तिने सगळं सांगितलं. शेड, ताके, ड्यूटी, यंत्रं. शेवटी एक श्वास घेतला. "आणि दाजींचा व्हिसा झालाय. ललितबरोबरच काढला. तिकडची शेड दाजी चालवणार, असं दोघांचं ठरलंय."

ममताने मागे वळून पाहिलं. समाधान विणकामाच्या दारात उभा होता, यंत्राला हात लावायची गरज नसताना हातात पाना. बायकोची नजर पडताच तो पाना त्याने खिशात घालायचा प्रयत्न केला. खिशात तो मावेना.

"या इकडे," ममता म्हणाली.

तो आला. मुकाट्याने.

"व्हिसा?"

"अगं, मी सांगणारच होतो. आखाजीनंतर."

"सगळं आखाजीनंतर! दादाचं आखाजीनंतर, तुमचं आखाजीनंतर. माझं खातं उचलून नेताय, आणि ते चालवायला निघालायत तुम्ही? तुम्हाला सुईत दोरा ओवता येतो का?"

"यंत्रं दुरुस्त करता येतात," समाधान पडेल आवाजात म्हणाला.

ममता आत शिरली. आता पुढे जे झालं ते अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं, कारण ममताला हळू बोलता येत नाही आणि खिडकी उघडी होती.

"दादा, मी या घरात कोण आहे?"

"ममते, तसं नाही गं..."

"कसं नाही? कंटेनरमधली टीप उसवली की शीतलबेन फोन कुणाला करते? तुला? तू तर तेव्हा हॉटेलात असतोस. मला करते! रात्री जेवता जेवता मी तिच्या गोदामातल्या बायांना व्हिडिओवर दाखवते, कोपऱ्याला वळसा कसा द्यायचा. तिकडचं खातं उभं करायचं ठरलं आणि मला विचारावंसं एकालाही वाटलं नाही?"

"तुला इथलं सोडवत नाही म्हणून," ललित म्हणाला. "तूच ओरडली असतीस सगळ्यात आधी."

"ओरडलेच असते! तुझ्या ताक्यांपायी माझ्या बाया उघड्यावर पडणार, तर ओरडू नको?"

"मग मी काय करू? शिवलेला माल तिथं उतरणार नाही! उतरला तरी खपणार नाही! शेड घेतली नाही तर शिलाईही जाईल आणि विणकामही जाईल. तेव्हा सगळ्यांनाच पान द्यायचं बंद करावं लागेल!"

ललित हे रागाने बोलला, पण त्याचा आवाज कापत होता. खरंच घाबरला होता तो. इतकी वर्षं आप्पाला फक्त जिंकलेल्या ऑर्डरी दाखवल्या होत्या त्याने. हातची जायला निघालेली ऑर्डर पहिल्यांदाच घरी आणली होती. रोहिणीला ते कळलं. ममताची बाजू घेऊन उभी राहिलेली ती एक पाऊल नवऱ्याकडे सरकली.

"ताई, यात ललित खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "मी आकडे पाहिलेत."

ममता खाली बसली. रागाचा पहिला सपाटा उतरला की तिचं डोकं फार भराभर चालतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. समाधान तर अशा वेळी तिच्यापासून दूरच उभा राहतो.

"वहिनी," ती म्हणाली, "ड्यूटी शिवलेल्या मच्छरदाणीवर आहे. अर्धी शिवलेली असली तर?"

"म्हणजे?"

"मच्छरदाणीला छत असतं आणि चार भिंती असतात. अवघड काय, तर छत. कोपरे, नाड्या, वरची पट्टी. भिंती कुणीही शिवेल, सरळ टीप आहे. छत इथं शिवून पाठवलं, ताके पाठवले, आणि जोडाजोडी तिथं केली, तर?"

रोहिणीचे डोळे बारीक झाले. "सुटे भाग म्हणून... थांबा. क्लिअरिंग एजंटला विचारावं लागेल. पण होऊ शकतं. नक्की सांगत नाही हं."

"नक्की कुणी मागितलंय? तिथल्या बायका शिकून तरबेज होईपर्यंत तरी चालेल ना? तोवर दुसरं काहीतरी निघेल. पाळण्याच्या जाळ्या निघतील. शीतलबेन मला कधीपासून विचारतेय पाळण्याच्या जाळ्यांचं, दादाला सांगितलं तर म्हणाला, किरकोळ माल आहे."

ललित ओशाळला. "म्हणालो होतो खरं."

आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन वाजला. मोम्बासा!

ललितने घाईघाईने फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवला. पडद्यावर शीतलबेनचा गोल चेहरा आला, मागे गोदामातले गठ्ठे.

"जय श्री कृष्ण, आप्पाजी! ललितभाई, शेडवाळो माथे बेठो छे! बोलो, हा के ना? अने चलावशे कोण, ए नाम पण आपवुं पडशे."

"हा तर... म्हणजे... शेड समाधानभाई चलावशे..." ललित चाचरला.

शीतलबेनने भुवया वर केल्या. ती मग आपल्या मोडक्या हिंदीवर आली. "समाधानभाई? वो मशीनवाले? अरे, मैंने तो शेडवाले को बोल दिया, ममताबेन आएगी! मेरी चार लड़कियां तो उसी के भरोसे नौकरी छोड़ के बैठी हैं!" आणि मग एकदम तिला ममता दिसली. "ममताबेन! तमे आवो छो ने?"

समाधान दाराच्या चौकटीला टेकला. पुतळाबाईला गुजराती सगळं समजतं, बाजारात भाव करून करून शिकलीय ती. तिने पदराला हात पुसले आणि लेकीकडे बघत राहिली.

"शीतलबेन, थोडी वार," ममता म्हणाली. "दस मिनट. फोन चालू राखजो."

*

ममताने पुढे काही सांगायच्या आधीच आप्पा उठला. त्याला काय करायचंय ते त्यालाच ठरवायचं होतं. तो सरळ अंगणात गेला, मांडवाखाली उभा राहिला. मागून सगळं घर.

"बायांनो," तो म्हणाला, "पुतळाबाईने तुम्हाला पान दिलंय. ते माझंच. वर्षभर तुम्हाला कुणी हलवणार नाही. पण पोटात काही ठेवून सणाला पाठवू नये. आपला शिवलेला माल मोम्बासाला बंद होणार आहे. तिथं शेड घ्यायची म्हणतोय ललित. काही यंत्रं तिकडे जातील. तुम्हाला इथं छतं शिवायला लावू, पाळण्याच्या जाळ्या शिवायला लावू, काय निघेल ते निघेल. वर्षानंतर काय, ते मला आज सांगता येत नाही. कुणाला पान परत करायचं असलं तर आज करा. मी राग धरणार नाही."

सतरंजीवर चुळबूळ झाली. पूजाने ओंजळीतलं पान उलटसुलट करून बघितलं आणि ती उठली. "आप्पा, मला खडोलीच्या कारखान्यात बोलावलंय दुसऱ्यांनी. मी परत करते. तुमचं बोलणं पटलं, पण मला अर्धं शिवायचं नाही." तिने पान आप्पाच्या हातात ठेवलं आणि पायाही पडली. आणखी दोघी उठल्या.

तानूबाई मात्र मांडी घालून बसली ती बसलीच. "मी खाऊन टाकलं आप्पा, आता परत कुठून देऊ? पोट चिरता का?"

सगळं अंगण हसलं. आप्पाही. हसता हसताच त्याने टोपलीतलं एक पान उचललं आणि मागे वळला.

भिकाआप्पाने आपल्या माणसांना कधी पान दिलं नव्हतं. ललितला नाही, जावयाला नाही, ममताला तर नाहीच. घरचे ते घरचे, ते कुठे जातात? शिलाईखातं उभं राहिल्यापासून ममताने एकेका बाईला या मांडवात आणून बसवलं होतं. एकेकीच्या हातात पान पडताना ती शेजारी उभी राहिली होती, पण तिच्याकडे बापाने कधी पानाच्या नजरेने बघितलं नव्हतं. आज बघितलं. तिच्यापुढे हात केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"ममता, राहशी का?"

पान घेण्यासाठी हात आपोआप पुढे झाला होता. केबिनच्या खिडकीतून शीतलबेनच्या गोदामातला कुणाचा तरी हसण्याचा आवाज येत होता. ममताने हात मागे घेतला.

"नही, आप्पा. मी जासू. मोम्बासाची शेड मी चालवते. दादा ताके पाठवेल. रोहिणीवहिनी छतं बघेल, तानूबाई आहे तिच्या मदतीला. तिथल्या बायका मी शिकवते. तिथं काय खपतं ते माझ्या डोळ्यांनी बघते आणि इथं यांना काम पाठवते. हे वर्ष संपलं तरी यांना पान देता आलं पाहिजे, तुमच्या हातून. ते इथं बसून मला जमणार नाही."

"आणि मी?" ललितच्या तोंडून निघालं. लहान पोरासारखा आवाज होता तो. "शेड मी शोधली, ममते. गठ्ठ्यांवर मी झोपलो."

"झोपलास ना! म्हणून तर जागा आहे जायला." ममता त्याच्याजवळ गेली. "दादा, तू माल विकणारा. एका शेडमध्ये तुला महिनाभर बसवत नाही, दुसऱ्या देशात गिऱ्हाईक दिसलं की तू पळणार. तिकडे आजूबाजूला किती देश आहेत! तू विक, मी शिवते. भांडलास तर मात्र ताक्यातल्या भोकांचे फोटो रोज पाठवीन."

ललितने ओठ चावला. हे जिव्हारी लागलं होतं, पण खोटं नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं. रोहिणीने हळूच मान हलवली. मग त्याने बहिणीच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात.

"एक भोक सापडणार नाही तुला. लावतेस पैज?"

"आणि माझा व्हिसा?" समाधान मागून म्हणाला.

"तुम्ही चला की," ममता म्हणाली. "यंत्रं बिघडतील तेव्हा कोण आहे मला? पण तिथं मालकीण मी. आत्ताच सांगते."

"इथं कोण होतं?" समाधान म्हणाला, आणि बायका अशा फिदीफिदी हसल्या की जीपवाला हॉर्न मारायचा विसरला.

ललित धावत केबिनमध्ये गेला. "शीतलबेन! हा! हा! शेडवाळाने कही दो, हा! ममताबेन आवे छे!" पलीकडून टाळ्यांचा आवाज आला आणि इकडे अंगणात कुणीतरी शिट्टी मारली. आप्पा हातातलं पान तसंच धरून उभा होता. लेकीने 'नाही' म्हटल्याचं त्याला वाईट वाटलं का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. छाती मात्र भरून आली होती. त्याने ते पान स्वतःच्या तोंडात घातलं आणि चावत चावत माणसांच्या पंगती मांडायला लागला.

ममता आईकडे गेली. पुतळाबाई परत चुलीशी जाऊन बसली होती. दोन्ही कोपरांवर मांडा पसरत पसरत मोठा करत होती, चादरीएवढा, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"माय, नको ना रडू. मी कायमची जात नाहीये."

"मी कोठे रडी राहिनू? धूर शे."

"माय."

पुतळाबाईने मांडा खापरावर टाकला. मग लेकीकडे तोंड करून बसली.

"मन्या सगळ्या बहिनी आखाजीले लेकीसनी वाट देखतस. फोन करतस, उनी का, कोठलोंग उनी. घर सारवतस, झोका बांधतस. मी कधी देखी वाट? तू ते आठेच, रोज डोयासमोर. सकायले बी, रातले बी. बाया इचारेत, पुतळा, तुनी लेक आखाजीले उनी का? मी काय सांगू? गयीच कोठे ती, ते येई?" तिने नाक पुसलं. "पुढली आखाजीले मी बी दारमा उभी राहसू. सांगसू सगळ्यास्ले. मनी लेक येई राहिनी. समुद्रपारथीन येई राहिनी."

केबिनमध्ये बापापुढे, भावापुढे, अख्ख्या अंगणापुढे ममता रडली नव्हती. ती चुलीशेजारी मातीतच बसली आणि आईच्या पिठाळ हातांत तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली.